कॅच अ फायर : एक अल्बम, दोन पाठ

इतिहासाच्या व्याख्यानमालेत बॉब मार्ली कुठून आला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असणार. टी-शर्टावरचा, गोव्यातल्या शॅकच्या भिंतीवरचा तो जटावाला माणूस. (हशा) त्याच्या जटांबद्दल मी आज फारसं बोलणार नाही. मी बोलणार आहे एका तबकडीबद्दल. ती १९७३ साली लंडनहून निघाली आणि २००१ साली पुन्हा एकदा निघाली. दुसऱ्यांदा निघाली तेव्हा सोबत तिचंच एक जुनं रूप होतं, जे अठ्ठावीस वर्षं कोणी ऐकलेलं नव्हतं. त्या दोन रूपांत फरक काय, तो कोणी केला, का केला, आणि त्यातलं खरं कुठलं, हे आपण पाहू.

पोथ्यांवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. एकाच ग्रंथाच्या दहा हस्तलिखितांत दहा पाठ सापडतात आणि मग संपादक पाठभेद नोंदवत बसतो. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारतासाठी हेच केलं, अनेक दशकं केलं. ध्वनिमुद्रित संगीतालाही पाठभेद असतात. आपण त्यांच्याकडे कागदपत्र म्हणून बघत नाही, एवढंच.

तर आधी गोष्ट.

वेलर्स हा किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीतला गट. बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी लिव्हिंगस्टन, म्हणजे पुढचे बनी वेलर, हे त्यातले तीन मुख्य गायक. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कॉक्सन डॉड यांच्या स्टुडिओ वनसाठी गायला सुरुवात केली. पुढे लेस्ली काँग आणि ली पेरी या निर्मात्यांकडे गायले. पेरींकडे असताना त्यांना अॅस्टन आणि कार्लटन बॅरेट हे दोन भाऊ मिळाले. अॅस्टन बासवर, कार्लटन ड्रम्सवर. अॅस्टनला सगळे फॅमिली मॅन म्हणायचे. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

जमैकात तेव्हा अल्बमला फारसं महत्त्व नव्हतं. धंदा चालायचा सिंगलवर, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकडीवर. निर्माता गायकाला ठरावीक रक्कम द्यायचा आणि टेप स्वतःकडे ठेवायचा. टेप ज्याच्याकडे, त्याचं गाणं. तो ते हवं तिथे विकू शकायचा. पेरींकडची गाणी इंग्लंडमध्ये ट्रोजन कंपनीकडे गेली, आणि त्यातून १९७३ ला 'आफ्रिकन हर्ब्समन', १९७४ ला 'रास्ता रेव्होल्यूशन' असे संग्रह निघाले. आजही मार्लीच्या नावाने स्वस्तातले शेकडो संग्रह दिसतात. त्यातले पुष्कळसे याच काळातली तीच ती गाणी नवं नाव लावून पुन्हा विकतात. कव्हरवर फोटो मात्र १९७८ चा, आणि आतली गाणी १९७० ची! (हशा) म्हणून पहिला धडा हा घ्या: तबकडी कधी छापली हे एक साल आणि आवाज कधी मुद्रित झाला हे दुसरं साल. दोन्ही तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

१९७२ साली वेलर्स लंडनमध्ये अडकले. अमेरिकन गायक जॉनी नॅशच्या निमित्ताने तिकडे गेले होते, काम संपलं, परतीचे पैसे नव्हते. तेव्हा ते आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलकडे गेले. ब्लॅकवेल जन्मला लंडनमध्ये, वाढला जमैकात. गोऱ्या, सुखवस्तू घरातला. १९५९ साली जमैकातच त्याने कंपनी काढली आणि पुढे ती इंग्लंडला नेली. १९७२ सालापर्यंत आयलंड ही रॉक संगीताची नावाजलेली कंपनी झाली होती. त्याने वेलर्सना अल्बमसाठी चार हजार पौंड आगाऊ दिले. हे लोक पैसे घेऊन गायब होतील, असं त्याला लोकांनी सांगितलं होतं. तो किंग्स्टनला गेला तेव्हा गाणी तयार होती.

हे पैसे मिळणं म्हणजे काय होतं? पहिल्यांदाच वेलर्सच्या हातात अल्बमचा पूर्ण खर्च होता. एकेका गाण्याची बिदागी घेऊन घरी जायचं नव्हतं. किंग्स्टनच्या डायनॅमिक, हॅरी जे आणि रँडीज या स्टुडिओंत त्यांनी स्वतःच्या अंदाजाने ध्वनिमुद्रण केलं, तेही आठ ट्रॅकवर.

आठ ट्रॅक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो, कारण सगळा पाठभेद तिथेच दडलाय. टेपवर आठ समांतर पट्टे असतात. एकावर बास, एकावर ड्रम्स, एकावर मुख्य आवाज, असं वेगवेगळं मुद्रण होतं. नंतर कोणीतरी बसून ठरवतं की कोणता पट्टा किती मोठा वाजेल, कोणता बाजूला सरकेल, कोणता बंद होईल. याला मिक्स म्हणतात. मोकळ्या पट्ट्यावर नवीन वाद्य भरलं तर तो ओव्हरडब. आणि तयार मिक्सची पातळी, चमक, खर्ज सारखं करून तबकडीसाठी शेवटचा हात फिरवतात, ते मास्टरिंग. जुन्या अल्बमवर 'रीमास्टर' लिहिलेलं असतं तेव्हा फक्त हा शेवटचा हात पुन्हा फिरवलेला असतो. 'रीमिक्स' म्हणजे आतली मांडणीच बदललेली. ग्राहकांच्या मनात या दोन गोष्टींचा कायम गोंधळ असतो.

मार्ली या टेप घेऊन लंडनला आला. बेसिंग स्ट्रीटवरच्या आयलंडच्या स्टुडिओत पुढचं काम झालं. ब्लॅकवेलच्या डोळ्यांपुढे जमैकाचा किंवा लंडनच्या कॅरिबियन वस्तीचा श्रोता नव्हता. तो तर होताच. त्याला हवा होता रॉक ऐकणारा गोरा विद्यार्थी, जो अल्बम विकत घेतो. त्याच सुमाराला 'द हार्डर दे कम' या सिनेमाचा नायक जिमी क्लिफ आयलंड सोडून गेला होता. ती बंडखोराची जागा रिकामी होती.

मग ब्लॅकवेलने दोन वादक आणले. एक वेन पर्किन्स, अलाबामाचा गिटारवादक. तो त्याच इमारतीत दुसऱ्या कामासाठी आला होता. पर्किन्सने पुढे मुलाखतींत सांगितलंय की रेगे म्हणजे काय हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. दुसरा जॉन रॅबिट बंड्रिक, टेक्सासचा कीबोर्डवादक. तो मात्र जॉनी नॅशमुळे मार्लीला आधीपासून ओळखत होता.

पर्किन्सची अडचण समजून घ्या. आपल्याकडे समेवर सगळे एकत्र येतात, हात उचलून दाद देतात. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिली मात्रा ड्रमर मोकळी सोडतो आणि वजन टाकतो तिसऱ्या मात्रेवर. सम रिकामी! गिटार अधल्यामधल्या मात्रांवर नुसती खुडत राहते. चाल चालवतो तो बास. रॉकमध्ये गिटार पुढे आणि बास मागे, इथे नेमकं उलटं. अशा रचनेत रॉकची गिटार कुठून आत शिरणार? पर्किन्सने जागा शोधली. 'काँक्रीट जंगल'मधला त्याचा एकल तुकडा ऐका. तो सूर लांबवतो, ठेक्याच्या वरून तरंगत जातो, बासला धक्का लावत नाही. मार्लीला तो आवडला, असं पर्किन्सनेच सांगितलंय.

'कॅच अ फायर' एप्रिल १९७३ मध्ये आला. नऊ गाणी. कव्हर होतं झिपो लायटरच्या आकाराचं, वरचं झाकण खरोखर उघडायचं. ते बनवायला महाग होतं, म्हणून सुमारे वीस हजार प्रतींनंतर बंद झालं. त्याच्या जागी एस्थर अँडरसन यांनी काढलेला मार्लीचा फोटो आला, गांजाची लांब विडी ओढतानाचा. जाता जाता सांगतो, जमैकात या वनस्पतीला 'गांजा' हाच शब्द आहे. १८४५ पासून करारावर भारतातून मजूर तिकडे नेले गेले, मुख्यतः उत्तर भारतातून, त्यांच्याबरोबर तो शब्द गेला.

या कव्हरबदलाकडे नीट बघा. पहिल्या आवृत्तीवर नाव होतं 'द वेलर्स'. कोणाचाच चेहरा नव्हता. नंतरच्या आवृत्तीवर चेहरा एकाचाच आहे, आणि पुढे नावही झालं 'बॉब मार्ली अँड द वेलर्स'. आत एकही सूर बदलला नाही. तरीही तीन गायकांच्या गटाचा अल्बम बाहेरून एका माणसाचा झाला. त्या नऊ गाण्यांतली 'फोर हंड्रेड इयर्स' आणि 'स्टॉप दॅट ट्रेन' ही दोन गाणी टॉशची आहेत, त्यानेच गायलेली. फोटोवाला अल्बम हातात घेणाऱ्या किती जणांना दुसरा आवाज ओळखू आला असेल? त्याच वर्षी 'बर्निन' हा पुढचा अल्बम आला आणि त्यानंतर बनी आणि टॉश बाहेर पडले. कव्हरमुळे ते गेले असं मी म्हणणार नाही. दौरे, पैसा, स्वभाव, बरीच कारणं होती. पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय, हे कव्हरवर आधीच दिसत होतं.

आता २००१. आयलंडची मालकी तोवर एका मोठ्या कंपनीकडे गेली होती. 'डिलक्स एडिशन' या नावाने दोन सीडींचा संच निघाला. एका सीडीवर १९७३ चा अल्बम रीमास्टर केलेला. दुसरीवर जमैकन पाठ, म्हणजे लंडनचे ओव्हरडब चढण्याआधीची गाणी. आणि ती नऊ नव्हती, अकरा होती. 'हाय टाइड ऑर लो टाइड' आणि 'ऑल डे ऑल नाइट' ही दोन गाणी १९७३ मध्ये वगळलेली होती. क्रमही वेगळा.

दोन्ही शेजारी लावून ऐकलं की काय दिसतं? 'स्टर इट अप' घेऊ. जमैकन पाठ साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. लंडनचा पाठ साडेपाच मिनिटांचा. वाढलेल्या वेळेत नवं कडवं आलेलं नाही, आली आहे मोकळी वाद्यांची जागा, पर्किन्सची गिटार, बंड्रिकचा कीबोर्ड. पहिला पाठ सिंगलच्या मापाचा आहे, दुसरा अल्बमच्या. पहिला उभं राहून नाचण्यासाठी, दुसरा खोलीत बसून ऐकण्यासाठी. 'नो मोअर ट्रबल'मध्ये उलटं झालं. जमैकन पाठ मोठा, लंडनमध्ये तो आखूड केला. म्हणजे 'लंडनने सगळं लांबवलं' असा सोपा नियमही चालत नाही.

'काँक्रीट जंगल' आपण ऐकलंच आत्ता. जमैकन पाठात गिटारचा तो लांब तुकडा नाही. कोरडा आहे, खर्ज जास्त, आवाज जवळ आल्यासारखे. तिघांचा मेळ स्पष्ट ऐकू येतो. माझ्या कानांना हा गट म्हणून ऐकू येतो, आणि १९७३ चा पाठ एका गायकाचा आणि त्याच्या साथीदारांचा. हे मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

हा संच आला तेव्हा अनेकांनी म्हटलं की शेवटी खरा अल्बम मिळाला, शुद्ध, भेसळ नसलेला. मला या 'शुद्ध' शब्दाची भीती वाटते. तीन कारणं सांगतो.

पहिलं. मार्ली स्वतः लंडनच्या स्टुडिओत हजर होता. कोणीतरी त्याच्या अपरोक्ष टेप चोरून बदलल्या, असं झालेलं नाही. त्याला जमैकाबाहेर ऐकलं जायचं होतं. लंडनच्या पाठाला भेसळ म्हणायचं तर ती त्याच्या संमतीने झालेली भेसळ आहे.

दुसरं. जमैकन संगीतात 'मूळ पाठ' ही कल्पनाच पातळ आहे. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे सिंगलच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचा बिनगाण्याचा अवतार छापायला लागले, त्याला 'व्हर्जन' म्हणतात. त्यावर साउंड सिस्टिमवाले स्वतः बोलायचे. मग किंग टबीसारख्यांनी मिक्सच्या टेबलालाच वाद्य केलं, त्यातून डब आलं. एकाच चालीवर वीस गायक वीस गाणी करतात आणि कोणाला गैर वाटत नाही. या अल्बममधली गाणीही सगळी नवी नव्हती. 'स्टर इट अप' वेलर्सनी १९६७ मध्येच केलं होतं. टॉशची दोन्ही गाणीही आधी झाली होती, 'स्टॉप दॅट ट्रेन' लेस्ली काँगसाठी आणि 'फोर हंड्रेड इयर्स' ली पेरींसाठी. मग मूळ कुठलं? १९६७ चं, १९७२ चं की १९७३ चं?

तिसरं. जमैकन पाठ जगासमोर आला २००१ मध्ये, त्याच कंपनीकडून, जिने तो आधी बाजूला ठेवला होता. १९७३ साली ज्यांचं आयुष्य या अल्बमने बदललं, त्यांनी हा पाठ ऐकला नव्हता. निर्मितीच्या इतिहासासाठी तो पहिला, श्रवणाच्या इतिहासासाठी तो शेवटचा. इतिहासकाराने दोन्ही नोंदी ठेवायच्या, एकीने दुसरी पुसायची नाही.

म्हणजे सगळं सारखंच, कोणाचंच काही बिघडलं नाही, असं मला म्हणायचंय का? नाही. बिघडलं कुठे ते बघा. बर्निंग स्पिअर, म्हणजे विन्स्टन रॉडनी, यांचा 'मार्कस गार्वी' १९७५ मध्ये आला. जॅक रूबी यांची निर्मिती. आयलंडने तो बाहेरच्या श्रोत्यांसाठी लंडनमध्ये पुन्हा मिक्स केला, धार थोडी कमी केली. रॉडनी यांना ते पसंत पडलं नाही आणि त्यांनी स्वतःचं लेबल काढलं. एकाच कंपनीचं, जवळपास एकाच पद्धतीचं काम. एका ठिकाणी गायकाची संमती होती, दुसऱ्या ठिकाणी नाराजी. पाठभेद नुसता कानाने तपासून हा फरक कळत नाही. खोलीत कोण होतं आणि सही कोणाची होती, ते विचारावं लागतं.

आता फॅमिली मॅनकडे येतो. १९७३ च्या कव्हरवर पाहुण्या वादकांची नावं नव्हती. पर्किन्स नाही, बंड्रिक नाही. 'काँक्रीट जंगल'वर बास वाजवणारा तरुण रॉबी शेक्सपिअरही नाही, जो पुढे स्लाय डनबारबरोबर जगभर गाजला. ही नावं नंतरच्या पुनर्प्रकाशनांतून लोकांपर्यंत आली. माझ्या मते २००१ च्या संचाचं खरं मोल त्या नावांच्या यादीत आहे.

पण नाव छापणं वेगळं आणि हक्क मिळणं वेगळं. अॅस्टन बॅरेटने आयलंडवर आणि मार्ली कुटुंबावर दावा लावला. रॉयल्टीतला वाटा आणि काही गाण्यांचं श्रेय त्याला हवं होतं. २००६ साली लंडनच्या उच्च न्यायालयात तो हरला. १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीत त्याने पुढचे दावे सोडले होते, असं न्यायालयाने धरलं. ज्या संगीतात बास हाच कणा आहे, त्या संगीतात कायद्याच्या दृष्टीने गाणं म्हणजे मुख्यतः शब्द आणि गायलेली चाल. बासची ओळ 'वाजवलेली' ठरते, 'रचलेली' ठरायला फार झगडावं लागतं. दर पुनर्प्रकाशनाबरोबर पैसा पुन्हा फिरतो आणि दर वेळी तो याच जुन्या कागदांनुसार वाटला जातो. कार्लटन आणि टॉश दोघेही १९८७ मध्ये मारले गेले. बनी २०२१ मध्ये गेले, अॅस्टन फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्या खोलीतली माणसं आता फारशी उरलेली नाहीत. उरल्या आहेत टेप आणि करारपत्रं.

म्हणून घरी जाऊन एवढं करा. एकच गाणं घ्या, 'काँक्रीट जंगल'. आधी १९७३ चा पाठ ऐका, मग जमैकन. पहिल्या वेळी फक्त गिटारकडे लक्ष द्या, दुसऱ्या वेळी फक्त बासकडे. आणि मग नावं वाचा. नावं वाचल्याशिवाय अल्बम ऐकून झाला असं समजू नका.

(टाळ्या)

प्रश्न : सर, 'लेजेंड' हा संग्रह आमच्या घरी होता. त्यातून मार्ली कळतो का?

उत्तर : चांगला प्रश्न. माझीही सुरुवात 'लेजेंड'च्या कॅसेटनेच झाली, त्यामुळे त्याला नावं ठेवणार नाही. (हशा) तो १९८४ मध्ये आला, मार्ली जाऊन तीन वर्षं झाली होती. 'कॅच अ फायर'मधलं एकच गाणं त्यात घेतलं, 'स्टर इट अप'. प्रेमगीत. 'काँक्रीट जंगल' नाही, 'स्लेव्ह ड्रायव्हर' नाही, या अल्बममधलं टॉशने गायलेलं एकही गाणं नाही. आता 'कॅच अ फायर' हे शीर्षकच मुळात 'स्लेव्ह ड्रायव्हर'मधून आलंय. म्हणजे गुलामगिरीबद्दलचं गाणं अल्बमला नाव देतं आणि अकरा वर्षांनी संग्रह निघतो तेव्हा तेच गाळलं जातं. गोड, सलोख्याचा मार्ली आपल्या घरोघरी पोचला तो असा. 'लेजेंड' जरूर ऐका. फक्त तीही एक संपादित आवृत्ती आहे, हे ध्यानात ठेवा. काय घेतलं यापेक्षा काय गाळलं, ते आधी बघायचं. पोथी असो की तबकडी, सुरुवात तिथून करायची.